थंड इंजिनावर ठेवलेला हात

ट्रॅक्टर बघायला निघण्याआधी थोडं बसा. विकणाऱ्याच्या अंगणात नव्हे, स्वतःच्या. पायरी असेल तर पायरीवर, नसेल तर बादली पालथी घालून. फोन घरात ठेवून या. फोनमध्ये जाहिराती आहेत, आणि जाहिरातीतला प्रत्येक जुना ट्रॅक्टर नुकताच धुतलेला असतो, उन्हात उभा असतो आणि 'मागच्या वर्षापर्यंत झकास चालत होता'.

समोर जमीन आहे. माझ्यासमोर ओहायोतली एक एकर आहे. शेजारीपाजारी तिला यार्ड म्हणतात. मी मनातल्या मनात तिचे ४० गुंठे करतो, मग ती ओळखीची वाटते. आमच्या आटपाडीकडे ४० गुंठ्यांवरून भावकीत दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या तारखा चालतात. इथे आम्ही तेवढ्या जमिनीत गवत वाढवतो आणि दर आठवड्याला ते कापून टाकतो. असो.

आता डोळ्यांनी जमिनीवरून चाला. कुंपणाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, सावकाश. चढ कुठे आहे? पावसानंतर पाणी कुठे साचून राहतं? दोन मेपलच्या मधून किती फुटांची वाट आहे? मागच्या बाजूला भाजीचे वाफे करायचे म्हणून तीन वर्षं नुसतं बोलणं चाललंय, ते खरंच होणार आहेत का? जानेवारीत गाडी रस्त्यापर्यंत काढायला किती लांब बर्फ सारावा लागतो?

एकेका उत्तरापाशी थांबा. यंत्र इथेच, या पायरीवर निवडलं जातं. नंतर ते फक्त सापडायचं असतं.

उत्तर नुसतं 'गवत' असं आलं, तर इथेच उठा आणि साधा लॉन ट्रॅक्टर घ्या, तो हलका असतो आणि स्वस्तही मिळतो. गार्डन ट्रॅक्टर ही वेगळी जात. लांबून दोघं भाऊभाऊ दिसतात, पण याची चौकट जाड पोलादाची, मागची चाकं मोठी, आणि मागचा गिअरबॉक्स मातीची ओढ सोसेल असा. याला नांगर लावता येतो, रोटाव्हेटर लावता येतो, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावता येतं. हलक्या लॉन ट्रॅक्टरला नांगर लावणं म्हणजे टांग्याच्या घोड्याला मोटेला जुंपणं.

थोडं गणितही याच बैठकीत करून टाका. गवत कापायचा डेक ४२ इंचांचा असेल, म्हणजे साडेतीन फुटांचा, आणि ट्रॅक्टर ताशी ३ मैलांनी चालला, तर तासाला ५५,००० चौरस फुटांहून थोडं जास्त गवत कापलं जातं. एकर ४३,५६० चौरस फुटांचा. त्यात वळणं धरा, एकावर एक येणारे पट्टे धरा, मधली झाडं धरा. एक एकराला तासाभराहून थोडा जास्त वेळ. उन्हाळ्यात दर आठवड्याला इतका वेळ या सीटवर बसायचं आहे. हे आता नीट मनात आणा: पाठीला बसणारे हादरे, कानातला आवाज, पेट्रोलचा वास. हे नकोसं वाटत असेल तर यंत्राचा दोष नाही, तुमचाही नाही.

नको वाटलं नाही? मग पुढे चला.

काळ थोडा मागे न्या. दुसरं महायुद्ध संपलंय. अमेरिकेतल्या शहरांबाहेर घरं पसरू लागली आहेत, प्रत्येक घरामागे अर्धा-एक एकर. शेतावरच्या ट्रॅक्टरला ही जागा फार लहान आणि ढकलायच्या मशीनला फार मोठी. १९४६ साली इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड शहरात एल्मर पाँड यांनी लहान ट्रॅक्टर बनवायला घेतले, त्यातून 'व्हील हॉर्स' उभी राहिली. पुढे साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंटरनॅशनल हार्वेस्टरने 'कब कॅडेट' आणला, १९६३ मध्ये विस्कॉन्सिनच्या होरिकॉन गावातून जॉन डीअरचा '११०' बाहेर पडला. त्याच विस्कॉन्सिनात पोर्ट वॉशिंग्टन नावाच्या सरोवराकाठच्या लहानशा गावात सिम्प्लिसिटी आणि बोलेन्स असे दोन कारखाने समोरासमोर धंदा करत होते. १९६४ मध्ये केस कंपनीने एक लहान कारखाना विकत घेतला आणि तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारे ट्रॅक्टर आपल्या नावाने विकले.

नावांची यादी एवढी पुरे. लक्षात ठेवायचं ते हे की यातल्या कित्येकांचा मूळ धंदा शेतीच्या यंत्रांचा होता. लहान ट्रॅक्टर करतानाही त्यांचा हात मोठ्या ट्रॅक्टरच्या सवयीने चालला. इंजिनाचा ठोकळा बीडाचा. जोड नट-बोल्टचे. काहीही बिघडलं तर ते उघडता येईल आणि परत बसवता येईल, हे गृहीत धरलेलं. पन्नास-साठ वर्षांनी हे ट्रॅक्टर अजून विकायला निघतात ते त्यामुळे, आणि म्हणूनच तुमच्या-माझ्यासारख्याने ते घ्यावेत.

व्हील हॉर्स या नावाचा अर्थही सुरेख आहे. गाडीला घोड्यांच्या दोन-तीन जोड्या जुंपल्या तर चाकाच्या अगदी पुढ्यात असतो तो व्हील हॉर्स. मिरवणुकीत लोकांचं लक्ष पुढच्या जोडीकडे जातं. वजन याच्याकडे असतं.

रंगाचं मात्र आधीच बोलून घेऊ. लाल, पिवळा, हिरवा, नारिंगी. रंगावर मन जाऊ देऊ नका असं सांगून उपयोग नाही, ते जातंच. जॉन डीअरने १९६९ च्या सुमाराला पांढऱ्या अंगाच्या ट्रॅक्टरवर वेगवेगळ्या रंगांची बॉनेटं आणि सीटं बसवून पाहिली होती. आज असा एखादा निघाला तर संग्रह करणारे त्याच्यासाठी धावतात. गवत कापणाऱ्याने त्या गर्दीत शिरू नये. ज्या ट्रॅक्टरसाठी लोक धावतात तो आपल्या कामाचा असेल, पण आपल्या खिशाचा नसतो.

आता निघा. फोनवर विकणाऱ्याला एवढंच सांगा: मी येईपर्यंत सुरू करू नका.

पोचलात की लगेच जवळ जाऊ नका. दहा-पंधरा पावलांवर थांबा आणि बघा. छपराखाली उभा आहे की झाडाखाली? चाकांभोवती गवत किती वाढलंय? खालच्या मातीवर काळा डाग आहे का, असला तर नेमका कशाच्या खाली? पुढची चाकं सरळ उभी आहेत की दमलेल्या माणसाच्या पावलांसारखी बाहेर पडली आहेत? सीट फाटली असेल तर कशी फाटली आहे, बसून बसून की उन्हाने तडकून? बसून फाटलेली सीट मला आवडते.

माझे आजोबा खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल घ्यायचे. लहानपणी एकदा मला घेऊन गेले होते. मला वाटलं होतं की गेल्यागेल्या बैलाचे दात बघतील. दात बघितले, पण फार उशिरा. आधी अर्धा तास नुसते लांब बसून राहिले. बैल पाणी कसं पितो, माशी बसली की कातडी कशी थरारते, दुसरा बैल जवळून गेला की मान कुठे वळते. मग उठून त्याला चालवायला लावलं, मग वळवायला. भाव शेवटी, टॉवेलाखाली हात घालून, बोटांच्या खुणांनी. आजूबाजूच्या कोणाला आकडा कळला नाही. मलाही नाही. ट्रॅक्टर बघायला शेजारच्या इंडियानातल्या एखाद्या कोठारासमोर उभा असताना मला नेहमी तो टॉवेल आठवतो. इथे तो नसतो, आणि माझा चेहरा सगळं सांगून टाकतो.

आता जवळ जा. बोलू नका. इंजिनाच्या बाजूला, जिथे बीडाच्या पातळ पट्ट्या ओळीने आहेत, तिथे तळहात ठेवा.

थंड लागलं पाहिजे. आजूबाजूच्या हवेइतकं थंड. बीडाला एक वेगळाच गारवा असतो, देवळातल्या दगडी उंबऱ्यासारखा. हात तसाच राहू द्या, दहा श्वास.

कोमट लागलं तर विकणाऱ्यावर लगेच आरोप करू नका. कदाचित त्याला तुमच्यासमोर लाज वाटू नये म्हणून त्याने आधी सुरू करून पाहिलं असेल. पण थंड इंजिन कसं सुरू होतं हे तुम्हाला आज कळणार नाही. दुसऱ्या दिवशी परत या, किंवा येऊच नका.

हात काढलात? आता रंग बघा, आणि इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. माझा पहिला ट्रॅक्टर नव्या कोऱ्या रंगाचा होता. तो कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, दोष कंपनीचा नव्हताच. दुपारच्या उन्हात असा चमकत होता की मी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि पैसे मोजले. घरी आणून धुतला तर रंगाचे पापुद्रे निघाले. रंग ग्रीसवर मारला होता, गंजावर मारला होता, एका ठिकाणी वाळलेल्या गवताच्या काडीवरसुद्धा मारला होता. ती काडी हिरव्या-पिवळ्या थराखाली जशीच्या तशी होती. मॉडेल नंबरची पट्टीही रंगाखाली गेली होती. आणि तिसऱ्या आठवड्यात इंजिनातून हातोडीसारखा आवाज आला.

तेव्हापासून मी रंगाकडे बघतो ते तो कुठे उडालाय हे बघायला. पायाच्या पट्टीवर उडाला असेल, आतलं पोलाद बुटाने घासून घासून आरशासारखं झालं असेल, तर तिथे कोणीतरी वर्षानुवर्षं पाय ठेवलाय. गिअरच्या दांड्याचा गोळा गुळगुळीत झाला असेल तर तो हातानेच झालाय. बोल्टच्या डोक्यांकडे बघा. कोपरे शाबूत असतील तर मालकाकडे योग्य मापाचे पाने होते आणि थोडा धीरही होता. कोपरे गोल झाले असतील, पकडीच्या दातांच्या खुणा असतील, तर त्याच माणसाने आतही असंच काम केलं असणार. मी तर बोल्ट बघून निम्मा निर्णय घेतो. हे शास्त्रशुद्ध नाही, माझा अनुभव आहे.

गंजाचे दोन प्रकार. वरचा, तांबूस, बोटाला लागणारा. तो राहू द्या. दुसरा आतून खाणारा, आणि त्यासाठी वाकावं लागतं. गुडघे टेका आणि डेकच्या खालून वर बघा. ओलं गवत तिथे चिकटून राहतं, वर्षानुवर्षं, आणि पत्रा आतून कुजतो. अंगठ्याने दाबा. दबला तर डेक गेला. पातं हाताने फिरवायचं असेल तर आधी प्लगची वायर काढा. पातं वरखाली हललं तर बेअरिंग गेलं. बेअरिंग मिळतं. कुजलेला डेक जोडता येतो, पण जोडणाऱ्याची मजुरी ट्रॅक्टरच्या किमतीला टेकते. (जुना रंग खरवडायची घाई झाली असेल तर तोंडाला मास्क बांधा. या वयाच्या रंगात शिसं असू शकतं.)

आता तेल. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

त्या काळच्या अनेक गार्डन ट्रॅक्टरांत एकच इंजिन भेटतं: कोहलरचं के मालिकेतलं, एका सिलिंडरचं, ८, १०, १२, १४ किंवा १६ अश्वशक्तीचं. पुण्या-मुंबईच्या बाथरूममध्ये ज्यांचे नळ आणि बेसिन दिसतात, तीच ही विस्कॉन्सिनची कंपनी. मला हे कळलं तेव्हा गंमत वाटली होती. हे इंजिन का टिकलं, आणि कशाने मरतं, हे एकदा डोळ्यांसमोर आणून बघा.

आत तेलाचा पंप नाही. तळाशी दोनएक लिटर तेल आहे. पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड अॅल्युमिनियमचा आहे, आणि त्याच्या खालच्या टोकाला एक लहानशी जीभ आहे. क्रँक फिरतो तसा रॉड खाली येतो, जीभ तेलात बुडते, तेल उडवते, वर जाते. पुन्हा खाली, पुन्हा बुडते. मिनिटाला तीन हजारांहून जास्त वेळा. आतलं सगळं त्या शिंतोड्यांवर जगतं. बघा ते चित्र: अंधारात एक जीभ तेलाला शिवते आहे आणि वर जाते आहे.

आता तेल अर्धा लिटर कमी करा. ट्रॅक्टर उतारावर आडवा उभा करा. तेल एका बाजूला सरकलं. जीभ खाली आली आणि तिला काहीच लागलं नाही. पुन्हा आली, पुन्हा नाही. रॉड तापतो, अॅल्युमिनियम क्रँकवर लिंपलं जातं, आणि मग तो हातोडीचा आवाज. कधी कधी तुटलेला रॉड ठोकळ्याला भोक पाडूनच बाहेर येतो. माझ्या त्या पहिल्या ट्रॅक्टरला हेच झालं होतं. मी रंगाभोवती चक्कर मारली होती, डिपस्टिक काढून पाहिली नव्हती. डिपस्टिक काढायला चार सेकंद लागतात.

तर काढा. फडक्याने पुसा, परत घाला, परत काढा. पातळी खुणेवर आहे का? तेल काळं असेल तर चालेल, काम करणारं तेल काळं होतंच. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. आता डोळे मिटून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरची सुई गळते आहे आणि पेट्रोल उतरून तेल पातळ झालंय. तेल मधासारखं स्वच्छ आणि कोरं असेल तर विचारा, कधी बदललं. 'आज सकाळी' असं उत्तर आलं तर हसून मान हलवा आणि मनात एक खूण करा.

मग एअर फिल्टरचं झाकण उघडा. फिल्टर मळका असणं ठीक. तो काढून कार्बोरेटरच्या घशात बोट फिरवा. तिथे धूळ लागली तर ती फिल्टरच्या पलीकडे गेली, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरपर्यंत गेली. बीडाचं सिलिंडर दोन-तीनदा बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकता येतो, हे या इंजिनाचं मोठेपण आहे. पण तो खर्च आज किमतीतून वजा झाला पाहिजे.

चाकं, टायर, स्टिअरिंग यांच्यापाशी फार रेंगाळू नका. स्टिअरिंग हलवून चाकापर्यंत हालचाल पोचायला किती वेळ लागतो ते बघा. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवा. तिथली ढिलाई बुशांची असते, आणि बुश स्वस्त असतात. मागचे टायर तडकलेले पण हवा धरणारे असतील तर माझं चालतं.

आता सुरू करायला सांगा. स्वतः करू नका, मालकालाच करू द्या, आणि तुम्ही त्याचे हात बघा. चोक किती ओढतो, थ्रॉटल कुठे ठेवतो, सेल्फ मारताना कुठे थांबतो. रोज वापरणाऱ्याच्या हातांना ते विचारावं लागत नाही.

पहिला धूर बघा, आणि मग दुसरा. पहिल्या धुराने काही ठरवू नका. थंड सकाळी थोडी वाफ येईल. चोक ओढलेला असेपर्यंत काळा धूर येईल, चोक सोडला की तो जायला हवा. इंजिन तापल्यावरही निळा धूर येत राहिला तर ते तेल जाळतंय. आवाज ऐका. एका सिलिंडरचं इंजिन ठोके देतंच, ते ठोके मोजता येतील असे असतात. त्याच्या आत दुसरा ठोका आहे का, पोकळ, धातूवर धातू? कान त्या आत लपलेल्या आवाजाकडे न्या. काही मिनिटं.

कोणी कॉम्प्रेशन गेज आणला आणि आकडा कमी आला म्हणून भाव पाडू लागला, तर सावध. या कोहलरमध्ये सेल्फ मारणं सोपं जावं म्हणून सुरुवातीला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी रचना असते. चांगल्या इंजिनाचाही आकडा कमीच येतो. खरं बघायचं तर दाबाची हवा आत सोडून ती कुठून गळते ते ऐकावं लागतं. विकणाऱ्याला हे ठाऊक असेल तर तो जाणता आहे. नसेल तर तुम्ही ते त्याला सांगायचं की नाही, हा तुमचा आणि तुमच्या रात्रीच्या झोपेचा प्रश्न.

इंजिन चालू राहू द्या. वीस मिनिटं, अर्धा तास. हा सगळ्यात अवघड भाग आहे, कारण दोन अनोळखी माणसांना एका धडधडणाऱ्या यंत्राजवळ गप्प उभं राहायचं असतं. राहा. गिअरचा ट्रॅक्टर असेल तर प्रत्येक गिअरमध्ये, मागे आणि पुढे, चालवून बघा. हायड्रोस्टॅटिक असेल, म्हणजे गिअर न बदलता दांड्याने वेग कमीजास्त होणारा, तर तेल नीट तापू द्या आणि मग चढावर न्या. थंड असताना तो कसाही चढतो. तापल्यावर चढावर दम सोडत असेल तर आतले पंप झिजले आहेत, आणि ते काम पान्याने घरी बसून होणारं नाही. माझं मत विचाराल तर स्वस्तात घेणाऱ्याने गिअरचाच घ्यावा. वळताना गैरसोय होते, पण त्याचे रोग दिसतात.

ब्रेक बघा. मग सीटवर बसल्या बसल्या थोडं उठून बघा. आजच्या ट्रॅक्टरचं इंजिन इथे बंद पडलं असतं, सीटखाली तसा स्विच असतो. जुन्यांत तो नसतो, किंवा कोणीतरी वायर परस्पर जोडून टाकलेली असते. म्हणजे पातं फिरत असताना तुम्ही पडलात तरी ते फिरतच राहणार. उलटला तर डोक्यावर धरणारी कमानही नाही. म्हणून चढावर सरळ वर-खाली चालवायचा, आडवा नाही, आणि ओल्या गवतात चढ सोडूनच द्यायचा. मांडीवर नातवाला बसवून फोटो काढायची इच्छा होईल. काढू नका. हे बोलताना मी शांत सूर सोडला असेल, तर सोडला.

इंजिन बंद करा.

आता काही क्षण कोणीच बोलत नाही. गरम बीड निवू लागतं आणि टिक, टिक असा आवाज येतो, दोन टिकांमधलं अंतर वाढत जातं. हा आवाज संपेपर्यंत भाव काढू नका. तेवढ्यात मनात बेरीज करा. बॅटरी, पट्टे, प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर, कार्बोरेटरचा किट, सगळं तेल. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं, आणि ते टाकीत पडून राहिलं की जुन्या नळ्या आणि कार्बोरेटर दोन्ही खराब होतात. टाकीत डोकावा. मग विचारा, सोबत काय देणार. डेक, बर्फाचं पातं, नांगर, चाकांना लावायची वजनं आणि साखळ्या. हे भाग एका ट्रॅक्टरचे दुसऱ्याला सहज बसत नाहीत, आणि नंतर एकेक शोधायला गेलात तर प्रत्येकासाठी असाच एक रविवार जातो. दोन अश्वशक्ती कमी असली तरी चालेल, अवजारं पूर्ण असू द्या.

आणि जमिनीकडे परत जा, मनाने. ती पायरी, तो चढ, तो न झालेला भाजीचा वाफा. समोरचा ट्रॅक्टर तिथे उभा करून बघा. त्याचे दोष तुम्हाला एकेक करून नाव घेऊन सांगता येतात का? 'डाव्या चाकाची बुश. कार्बोरेटरची सुई. डेकचं एक बेअरिंग.' असे सांगता आले तर तो घेण्याजोगा. 'काहीच नाही, अगदी छान आहे' असं मन म्हणत असेल, तर परत गुडघे टेका. काहीतरी बघायचं राहिलंय.

रिकाम्या ट्रेलरने परत आलात तरी दिवस वाया गेला असं घरी सांगू नका. मी दोनदा तसाच आलो आहे.

तिसऱ्यांदा तो मिळाला. सत्तरच्या दशकातला लाल व्हील हॉर्स, १२ अश्वशक्तीचा, आठ गिअरचा, सहा पुढे आणि दोन मागे. माझ्याकडे ८०० डॉलर होते. लाल रंग बॉनेटवर गुलाबी पडला होता, सीट बसून फाटली होती. विकणारा माझ्याच वयाचा होता, ट्रॅक्टर त्याच्या वडिलांचा. इंजिन थंड होतं. मी बॉनेट उचललं तर आतल्या बाजूला, पत्र्यावर, पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या होत्या. तेल बदलल्याच्या. एकाखाली एक, एकाच हाताने, १९७८ पासून. त्या इंजिनाचं तेल २५ तासांनी बदलायचं असतं, आणि तारखांमधलं अंतर तेच सांगत होतं: उन्हाळ्यात जवळजवळ, हिवाळ्यात लांब. खाली खाली येता अक्षर कापायला लागलेलं. मग एक मोठी मोकळी जागा, आणि शेवटी दुसऱ्याच अक्षरात एक तारीख.

मी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. तो म्हणाला, "तेव्हा उभाच होता." त्यापुढे मी काही विचारलं नाही. स्टिअरिंगची ढिलाई आणि एक फुटका टायर यांचे ७५ डॉलर कमी झाले, टॉवेलाशिवाय.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी तेल बदललं. काळं, पण वासाला ठीक. मग बॉनेट उघडून शेवटच्या तारखेखालचा पत्रा फडक्याने दोनदा पुसला, कारण तेलकट पत्र्यावर पेन्सिल सरकते आणि उमटत नाही. तारीख लिहिली. लिहून झाल्यावर लक्षात आलं की आकडे सवयीने देवनागरीत पडलेत. खोडायला गेलो तर वरची ओळही पुसली जाऊ लागली, म्हणून तसेच राहू दिले. पुढचा मालक इंजिनावर हात ठेवून काय समजायचं ते समजेल.